सुई कुणाच्या हातात होती

मीटरकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता दोनच उरली होती, एक बँकेतला शिपाई आणि दुसरा पोस्टमन. बाकी सगळ्यांचे ते मीटरकाका. दुकान म्हणजे दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं पत्र्याचं शेड, मागच्या भिंतीला लागून लांब टेबल, टेबलावर वायरींचे गुंते आणि खिळ्याला टांगलेला पिवळा व्होल्टमीटर. इंजिन खोलणं, गिअर बदलणं असली कामं काकांनी कधी केली नाहीत. ती पैलवानांची कामं, असं ते म्हणत. त्यांचं काम गाडीतल्या विजेचं. जी गाडी चालू होत नाही, झाली तर मधेच बंद पडते आणि का पडली ते चार जाणकारांना विचारूनही कळत नाही, ती शेवटी दोर बांधून त्यांच्या दारात यायची.

येताना तिचा निकालही बहुतेक लागलेला असायचा. ईसीएम गेला! इंजिनाचा सगळा कारभार चालवणारा तो कॉम्प्युटर, ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्याएवढा. बॅटरीच्या बाजूला निमूट बसलेला असतो, आणि मोठमोठ्या गॅरेजवाल्यांना कारण सापडलं नाही की खापर त्याच्या डोक्यावर फुटतं. काका त्याला पेटी म्हणत. पेटीला कुणी उगाच नावं ठेवली की घरच्या माणसाला बोलल्यासारखे चिडत. "मोजलंत?" एवढाच त्यांचा प्रश्न असे. समोरचा म्हणे, हो काका, बारा व्होल्ट येतायत की. मग काका असे हसत, की त्या माणसाला आपण काय चुकलो ते न कळताही लाज वाटावी.

कारण मीटर फसवतो. वायरीचे एकोणीस धागे तुटून एकच उरला असला, तरी स्वस्थ पडलेल्या वायरीवर मीटर बारा दाखवतो. त्या वायरीकडून काम मागितलं की तिचं पितळ उघडं पडतं. म्हणून काकांची रीत ठरलेली. एकाला चावी घेऊन आत बसवायचं, स्टार्टर मारायला लावायचा, आणि इंजिन गरगरत असताना पेटीच्या अर्थिंगच्या पिनेवर सुई धरायची. अर्थिंग म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट. तिथे मीटरनं जवळजवळ शून्य दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर वाट अडलेली आहे आणि पेटी निर्दोष आहे. सुई खरोखरची शिवणाची होती, काकूंच्या डब्यातून ढापलेली. मीटरच्या तारेला ती डाग देऊन जोडलेली, वरून रबरी नळी चढवलेली, फक्त टोक उघडं. पेटीच्या पिना इतक्या दाटीनं बसवलेल्या असतात की बाजारी मीटरचं जाड टोक तिथे घालणं म्हणजे शेजारच्या दोन पिना एकत्र भिडवून ठिणगी पाडणं. ती ठिणगी दिसतसुद्धा नाही, आणि पेटी जाते.

पंचवीस वर्षांत काकांच्या हातून एकही पेटी गेली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत. लोक सांगत, आणि काका शेजारी उभे राहून ऐकत नसल्याचं सोंग करत. माणूस भला होता, पण ह्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो लपवण्याची अक्कल त्यांना नव्हती.

हात थरथरू लागला तो दीड वर्षापूर्वी. उजवाच. गंमत अशी, की मांडीवर ठेवला तर अगदी शहाण्यासारखा पडून राही. हातोडा धरला, गाडी ढकलली, कुणाच्या पाठीवर थाप मारली, काही नाही. बारीक काम सांगितलं की मात्र बिघडला. सुईत दोरा, शर्टाचं वरचं बटण, भरलेला कप. काकू तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण चहा अर्धा कप देऊ लागल्या, आणि उरलेला अर्धा थोड्या वेळानं, जणू आपणच मगाशी विसरलो होतो. दुकानात काकांनी चहाच सोडला. पित्त होतं म्हणून सांगितलं.

"अहो, कुणाला तरी दाखवून या की," काकू एकदा न राहवून म्हणाल्या.

"वयाचं आहे ते. तुझे गुडघे दुखतात, मी बोलतो का काही?"

"तुम्ही बोलत नाही, कारण तुम्हाला माहीतच नाही दुखतात ते. आत्ता कुठून कळलं?"

काका हसले आणि विषय संपला. घरात असंच चालायचं. एकमेकांना टोमणे मारता मारता खरं बोलणं बाजूला पडायचं, आणि ते पडू देण्यात दोघंही तरबेज होती.

लेक तीन वर्षांपासून दुकानात होती. आधी एका कार्यालयात खुर्चीवर बसून टाइप करायची. तिथे जीव गुदमरतो म्हणाली आणि एका सोमवारी सरळ बापाच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. काकांनी महिनाभर तिला झाडू मारायला लावला, जाईल कंटाळून म्हणून. ती गेली नाही. तिनं स्वतःच्या जमवलेल्या पैशांतून गाडीला जोडायचा स्कॅनर आणला. काका त्याला पोपट म्हणत. "तुझा पोपट काय म्हणतोय?" "पोपट म्हणतोय सेन्सर खराब." "मग सेन्सर सोडून बाकी सगळं बघू." तरीही दोघांचं जमलं. ती चावी घेऊन आत बसायची, स्टार्टर मारायची, स्कॅनर वाचायची. काका बॉनेटखाली वाकून सुई धरायचे. गिऱ्हाइकं आधी तिच्याकडे बघून नाक मुरडत. हळूहळू ताई ताई करू लागली. काकांनंतर दुकान तिचं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी धरून टाकलं होतं, आणि त्या विचारानंच काकांना शांत झोप लागायची.

नर्सबाईंची पांढरी गाडी आली ती मंगळवारी सकाळी. ह्या बाई घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. मागची सीट पट्ट्यांच्या आणि बाटल्यांच्या पिशव्यांनी भरलेली. गाडी कधी चालू व्हायची, कधी नाही. मोठ्या गॅरेजनं चार दिवस ठेवून घेतली आणि ईसीएम बदला म्हणून कागद हातात दिला.

"काका, माझी सोळा माणसं वाट बघत असतात," बाई म्हणाल्या. "एक आजोबा तर मी येईपर्यंत खिडकीशीच बसतात."

"पेटी ठीक असणार बघा," काका म्हणाले. अजून बॉनेटही उघडलं नव्हतं.

लेक आत बसली. काकांनी पेटीच्या कनेक्टरचं मागचं झाकण सोडवलं, मीटर बॅटरीवर टेकवला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि अर्थिंगच्या पिनेवर सुई टेकवली. "मार." इंजिन कण्हलं. मीटरनं जवळजवळ एक व्होल्ट दाखवला, जिथे काही दिसायला नको होतं तिथे. काकांचा चेहरा उजळला. मग वायरीचा माग काढत ते बॅटरीखालच्या बोल्टपर्यंत गेले. बोल्ट गंजून हिरवट झाला होता, हातानं हलत होता. तो काढून, घासून, आवळून पुन्हा मोजलं. शून्याच्या जवळ. लेकीनं चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

बाकावर बसलेल्या नर्सबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. टॅक्सीवाले भाऊ, चौदा टॅक्स्यांचे मालक, आपल्या कामासाठी आले होते, तेही म्हणाले, "ह्याला म्हणतात हात!" काम तिथे संपलं होतं. झाकण लावायचं, बॉनेट खाली घ्यायचं आणि बाईंना त्यांच्या आजोबांकडे पाठवायचं. पण काकांची आणखी एक सवय होती. पेटी सेन्सरना जे पाच व्होल्ट देते तेही मोजल्याशिवाय ते गाडी सोडत नसत. त्या दिवशी त्याची काडीची गरज नव्हती. लेक हळूच म्हणालीसुद्धा, "बाबा, राहू द्या. चालतेय ना." पण बाकावर दोन माणसं कौतुकानं बघत होती.

"इंजिन बंद कर, चावी चालू ठेव," काका म्हणाले आणि वाकले.

ह्या वेळी मनगट धरायला डावा हात मोकळा नव्हता, त्यात मीटर होता. पाच व्होल्टच्या पिनेशेजारी बारा व्होल्टची पीन. सुई टेकली, हलली आणि दोन्ही पिनांना एकदम भिडली. फार तर डोळ्याची एक उघडझाप. आवाज असा झालाच नाही. फक्त लेकीच्या हातातल्या स्कॅनरवरचे सगळे आकडे गेले आणि गाडीशी संपर्क नाही, अशी ओळ आली.

काकांना स्कॅनर बघावा लागला नाही. त्यांच्या हाताला कळलं होतं. त्यांनी सुई काढली, पुन्हा लावली, पाच व्होल्टच्या जागी शून्य. फ्यूज बघितला, चांगला. पुन्हा मोजलं. तोवर लेक उतरून शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं मीटरकडे बघितलं, बापाच्या हाताकडे बघितलं, आणि अगदी सावकाश तो मीटर त्यांच्या हातातून आपल्या हातात घेतला.

"काय झालं?" नर्सबाई उठून आल्या. मागोमाग टॅक्सीवाले भाऊ.

काका सांगणारच होते. शब्द तोंडात आला होता. पण लेक आधी बोलली.

"माझ्या हातून झालं, बाई. बाबांनी सुई माझ्याकडे दिली होती, शेवटचं मोजायला. माझा हात सरकला. पेटी गेली. आम्ही नवीन बसवून देतो, तुम्हाला काही पडणार नाही. पण दहा-बारा दिवस लागतील."

बाक गाडीच्या मागच्या अंगाला होता, मधे पिशव्यांनी भरलेली सीट आणि वर उचललेलं बॉनेट. कोण वाकलं होतं ते बाकावरून दिसलं नव्हतं. नर्सबाईंनी लेकीकडे बघितलं, रागानं नाही, पण डोळे भरून आले त्यांचे. "अगं, चालू झाली होती ना गं," एवढंच म्हणाल्या. भाऊंनी जिभेनं चक् केलं. आणि काका? काका मूग गिळून उभे राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची लाज त्यांना पुढे मरेपर्यंत पुरणार होती. नर्सबाईंनी मागच्या सीटवरून दोन पिशव्या खांद्याला अडकवल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या. पिशव्या जड होत्या, त्या एका बाजूला कलून चालत होत्या. काका त्यांना वळणापर्यंत बघत राहिले.

"का बोललीस तू?" शेड रिकामं झाल्यावर त्यांनी विचारलं.

"माझं काय जातंय, बाबा? शिकणाऱ्याच्या हातून होतं, लोक विसरतात. तुमच्या नावावर गाड्या येतात. ते गेलं तर काय करायचं आपण?"

हिशोब बिनचूक वाटला. काकांनी मान हलवली. जेवताना काकूंनी ताटाकडे बघत सांगितलं, "पोरगी आज जेवली नाही. पेटी जाळली म्हणाली." मग वाटी पुढे सरकवत म्हणाल्या, "तिचा हात तर कापत नाही." काकांनी घास तोंडात घातला आणि तो बराच वेळ चावत राहिले.

लोक विसरतील, हा लेकीचा अंदाज साफ चुकला. टॅक्सीवाल्यांच्या जगात बातमी टॅक्सीच्या वेगानं जाते. दोन दिवसांत सगळीकडे एकच, मीटरकाकांच्या पोरीनं चालू गाडीची पेटी जाळली. पुढे त्यात भर पडली. कुणी म्हणे ती फोनवर बोलत होती, कुणी म्हणे दोन पेट्या जाळल्या. जी गिऱ्हाइकं ताई ताई करायची तीच आता गाडीपाशी पाय रोवून उभी राहायची. "काका, हात तुम्हीच लावा हं. ताईला राहू द्या."

मग त्या शेडमध्ये एक नाटक सुरू झालं. काका बॉनेटसमोर मीटर धरून उभे राहायचे, भुवया आक्रसून, मान डोलवत. लेक डॅशबोर्डखाली आडवी पडून, कुणाला दिसणार नाही अशी, पेटीकडून आत येणाऱ्या वायरींवर दुसऱ्या मीटरनं खरं मोजायची आणि पुटपुटायची. "शून्य पॉइंट सात." "पॉइंट सात," काका मोठ्यानं म्हणायचे. दोष सापडायचा. गिऱ्हाईक काकांचा हात हातात घेऊन हलवायचं. लेक खालून बाहेर यायची, केसांत धूळ, कोपर खरचटलेलं, आणि गिऱ्हाईक तिला म्हणायचं, "बघून शीक, पोरी, बघून शीक."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. पुढे पुढे ती पाना पुसत दुसरीकडे बघायची. तिची चूक सापडावी म्हणून गिऱ्हाइकं डोळ्यांत तेल घालून बसलेली असायची, आणि मग साधा फ्यूज काढतानाही तिचा हात जरा अडखळू लागला. काकांना ते दिसलं. ज्या हातात काही दोष नव्हता तो हात लोकांच्या नजरेनं खराब होत चालला होता, आणि त्या नजरेसमोर तो आपणच धरला होता. दोन वेळा काका तिच्याशी बोलायला म्हणून गेले आणि स्क्रू ड्रायव्हर मागून परत आले.

नर्सबाईंच्या गाडीची नवी पेटी आली ती शुक्रवारी, अकराव्या दिवशी. लेकीनं सकाळीच ती जागेवर बसवली, कनेक्टर लावले. जळलेली पेटी टेबलावर पडली होती. नर्सबाई गाडी न्यायला आल्या होत्या, बाकावर बसल्या होत्या. चेहरा ओढलेला. आजोबांचं काय म्हणून लेकीनं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "गेले गं परवा. तसे जाणारच होते. पण दोन दिवस बस चुकली, उशिरा पोचले मी. पट्टी ओली राहिली त्यांची." लेकीनं मान खाली घातली. बाई लगेच म्हणाल्या, "तुला बोलत नाहीये मी, बाळा." पण त्या तिलाच बोलत होत्या. दुसऱ्या कुणाला बोलणार?

काका टेबलापाशी उभे होते. त्यांनी हे ऐकलं. आणि नेमके तेव्हाच टॅक्सीवाले भाऊ आत आले, खुशीत, हातात कराराच्या कागदाची गुंडाळी.

"काका, ठरलं! आपल्या चौदाही गाड्यांचं वायरिंगचं काम ह्यापुढे तुमच्याकडे. वर्षभराचं. मोठ्या गॅरेजला रामराम ठोकला आपण." मग आवाज न उतरवताच, लेक चार हातांवर उभी असताना, ते म्हणाले, "एकच अट. माझ्या गाड्यांना ताईनं हात लावायचा नाही. राग मानू नकोस, ताई. धंदा आहे. तू झाडलोट बघ, चहापाणी बघ, काय ते."

लेकीनं हातातला पाना टेबलावर ठेवला, फार हळू, आवाज होऊ नये म्हणून.

"भाऊ," काका म्हणाले, "पेटी तिनं जाळली नाही. मी जाळली."

मग भाऊ हसले. चांगलं, मायेचं हसू होतं ते. "काका, बाप आहात तुम्ही. मीही आहे. पोरीला सांभाळून घेणारच तुम्ही."

"सांभाळून घेत नाही. खरं सांगतोय. सुई माझ्या हातात होती."

"बाबा," लेक म्हणाली.

"तू गप्प बस. भाऊ, माझा हात थरथरतो. दीड वर्ष झालं."

भाऊंनी काकांच्या हाताकडे बघितलं. हात टेबलावर पडला होता, जाड, काळपट, एकदम स्थिर. भाऊंनी तो उचलून आपल्या हातात घेतला, उलटासुलटा केला. "दगड आहे दगड! कशाला थट्टा करताय?" ते नर्सबाईंकडे वळले. "तुम्हीच सांगा बाई, थरथरतोय का हात?"

नर्सबाई उठून जवळ आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरही तेच होतं. बिचारा म्हातारा, पोरीसाठी स्वतःचं नाव बुडवायला निघालाय.

काकांना भयंकर एकटं वाटलं. अकरा दिवस जी गोष्ट सांगायची त्यांना छाती झाली नाही ती त्यांनी सांगितली होती, आणि ती कुणी घेत नव्हतं. पंचवीस वर्षांचं नाव इतकं पक्कं झालं होतं की त्यांच्या स्वतःच्या शब्दानं ते मोडेना. आता गप्प बसले तर कायमचं गप्प बसता येईल, हेही त्यांना कळलं. लेकीकडून तर एक शब्द फुटणार नव्हता.

"भाऊ, हात असा रिकामा काय बघता?" ते म्हणाले. "रिकाम्या वायरीवर मीटर काय दाखवतो, ठाऊक आहे ना? काम सांगा हाताला."

त्यांनी खिळ्यावरचा मीटर काढला. जळलेली पेटी पुढे ओढली. उजव्या हातात सुई धरली, डावा हात पाठीमागे नेला, आणि पेटीच्या पिनांपैकी एकीवर टोक ठेवायला गेले. सुई पिनेच्या आजूबाजूला नाचू लागली. ह्या पिनेवरून त्या पिनेवर, तिथून कडेच्या पत्र्यावर, टकटकटकटक, थांबेचना. काकांनी ओठ आवळले. त्यांना ती खरोखर लावायची होती, शेवटची एकदा, आणि जितकी लावायची होती तितका हात जास्त उडत होता. सुईनं त्यांच्याच डाव्या अंगठ्याला टोचलं, तो मध्ये कधी आला त्यांना कळलं नाही. अंगठ्यावर रक्ताचा थेंब उभा राहिला. तरी ते थांबले नाहीत.

भाऊंची नजर जमिनीवर गेली होती.

"बस झालं, काका," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी मनगट धरलं. धरता क्षणी हात थांबला. त्यांनी सुई काढून घेतली, पिशवीतून कापूस काढून अंगठ्यावर दाबला. "ह्याला डॉक्टर असतात. औषध असतं. दीड वर्ष तुम्ही..." मग त्या लेकीकडे वळल्या आणि काही बोलणार तोच लेकीनं मान हलवून त्यांना थांबवलं.

लेक रडत होती, आणि रागावलेली होती. "कशाला दाखवलंत, बाबा? मी केलं असतं सहन."

"किती दिवस?"

"तुम्ही असेपर्यंत."

मुलीनं बापासाठी इतकं ठरवून ठेवलं होतं आणि बाप ते घेत आला होता, अकरा दिवस, मान डोलवत.

भाऊ गुंडाळी उलगडत आणि परत करत उभे होते. माणूस वाईट नव्हता, तोंडात मारल्यासारखा झाला होता. अखेर म्हणाले, "ताई, सोमवारी पहिली गाडी आणतो. तूच बघ." जाताना काकांना नमस्कार करावा की खांद्यावर हात ठेवावा ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. काकांकडे न बघता बाहेर पडले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानातून कुणी असं गेलं.

नर्सबाईंना पुढची माणसं होती. तरी त्या बाकावर जाऊन बसल्या. लेकीनं बाहीनं डोळे पुसले. टेबलावरून पिवळा मीटर उचलला, पांढऱ्या गाडीपाशी गेली आणि बॉनेटखाली वाकली. मग तिच्या लक्षात आलं की आत चावीला कुणी नाही.

"बाबा," ती म्हणाली, "जरा बसता का आत?"

काका जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. कितीतरी वर्षांत ते गाडीच्या ह्या बाजूला बसले नव्हते. काचेपलीकडे बॉनेटचा उभा पत्रा, त्याच्यापलीकडे लेक, दिसत नव्हती. मागे पट्ट्यांचा आणि औषधांचा वास. चावी मोठी होती, ती त्यांच्या बोटांना पकडता आली. पत्र्याआडून त्यांना कुणी बघत नव्हतं, आणि ते रडले, तोंड उघडं टाकून, आवाज न करता.

"मारा," बाहेरून लेकीचा आवाज आला.

त्यांनी चावी फिरवली.